दुखणाऱ्याचा शब्द

स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून द्यावी, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. अशा ग्रंथांत आठवणी बहुधा गोड असतात आणि तसे असण्यात काही गैर नाही. परंतु आम्हांस लिहावयाची आहे ती आठवण गोड नाही. ती आमच्या एका चुकीची आहे, आणि ही चूक कळावयास आम्हांस जवळजवळ दहा वर्षे लागली.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि पाडव्याच्या सुमारास परतत. अभ्यासात बरा, खेळात चपळ, वंदनेच्या वेळी पहिल्या रांगेत बसणारा. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून तो वसतिगृहात आला आणि पंधरा दिवसांतच त्याचे पोट दुखू लागले. दुखणे येई ते संध्याकाळी. वंदना आटोपली, मुले अभ्यासिकेत बसली, की हा पोटावर हात दाबून दाराशी उभा राही. गावातील डॉक्टरांनी तपासले, गोळ्या दिल्या. तालुक्याला नेऊन सोनोग्राफी केली, रक्त तपासले. काहीच निघाले नाही.

वसतिगृहाची जबाबदारी तेव्हा आमच्याकडे होती. चौथ्या की पाचव्या वेळी तो दाराशी आला, तेव्हा आम्ही साऱ्या मुलांदेखत म्हणालो, “तुझ्या पोटात काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे. अभ्यास चुकवायचा आहे, दुसरं काय?” मुले हसली. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, “दुखतंय पण, सर.” आणि जागेवर जाऊन बसला. त्या दिवसानंतर त्याने पुन्हा तक्रार केली नाही. आम्ही त्यास शिस्तीचा विजय समजलो. शिक्षकांच्या खोलीत तसे बोलूनही दाखविले. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो शाळेत परत आला नाही.

पुढे आमची चाळिशी उलटली. शाळेचे ग्रंथालय जुन्या खोलीतून नव्या इमारतीत हलविताना पुस्तकांची एक पेटी आम्ही उचलली आणि कमरेत कळ आली. महिनाभरात बरे होईल असे वाटले होते, पण दीड वर्ष गेले. बसले तरी दुखे, फळ्यापाशी उभे राहिले तरी दुखे. एमआरआय काढला. मणक्यांमधील एक चकती किंचित फुगली आहे, पण एवढे दुखावे असे त्यात काही नाही, असा निर्वाळा मिळाला. एक सहकारी चांगल्या हेतूनेच म्हणाले, “सर, काही निघालं नाही ना? मग मनावर घेऊ नका.” त्या क्षणी आम्हांस अभ्यासिकेच्या दाराशी उभा असलेला तो मुलगा आठवला. आमच्याही ओठांवर तेच वाक्य आले होते: दुखतंय पण.

जिल्ह्याच्या ठिकाणी व्यायामोपचार करणाऱ्या एका बाईंकडे आम्ही जाऊ लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. “तुमचं दुखणं खरं आहे. पण दुखतंय म्हणजे दर वेळी आत काही मोडतंय, असं नाही.” ही दोन वाक्ये एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे आम्हांस उमगेना. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. एखादी गोष्ट कळली नाही की तिचा इतिहास शोधावा, ही आमची खोड. तीच तेव्हा उपयोगी पडली.

वेदनेविषयी जी समजूत आपण सारे बाळगतो, तिचे सर्वांत प्रसिद्ध चित्र सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या ग्रंथात आहे. हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. एका मुलाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक दोरीसारखा तंतू गेला आहे. दोरी खाली ओढली की वर घंटा वाजावी, तशी पायाला चटका बसला की मेंदूत वेदना वाजते, असा त्याचा विचार. आपल्या शाळेचा टोल आहे ना, तसाच. टोल वाजला म्हणजे कोणीतरी तो दिलाच असणार, आणि जेवढा जोराचा घाव तेवढा मोठा आवाज. या हिशेबाने जखम नसेल तर दुखणेही असावयाचे नाही, आणि तरीही कोणी दुखते म्हणाला तर तो खोटे बोलतो. आम्ही त्या मुलाला नेमका हाच न्याय लावला होता.

हा हिशेब चुकीचा आहे, हे रणांगणावरील डॉक्टरांच्या ध्यानी आले. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर हे अमेरिकन डॉक्टर इटलीच्या आघाडीवर होते. गंभीर जखमी झालेल्या 215 सैनिकांना त्यांनी विचारले, की वेदना शमविण्यासाठी औषध हवे का. सुमारे तीन-चतुर्थांश सैनिक नको म्हणाले. हाडे मोडलेली, पोटात गोळ्या शिरलेल्या, आणि तरी ते शुद्धीवर राहून नको म्हणत होते. बीचर यांनी हे 1946 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी अशीच विचारणा रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या सामान्य नागरिकांकडे केली, तेव्हा औषध मागणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. बीचर यांनी लावलेला अर्थ असा, की सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे मरणाच्या दारातून सुटका होती, तर घरातून रुग्णालयात आलेल्या माणसाच्या दृष्टीने तोच घाव म्हणजे संकटाची सुरुवात होती.

याच्या अगदी उलट घडलेली एक घटना 1995 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बांधकामावरील एका 29 वर्षांच्या कामगाराने खाली उडी मारली आणि पंधरा सेंटीमीटरचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. जरासे हलविले तरी तो विव्हळे. अखेर गुंगीचे औषध देऊन बूट काढला, तेव्हा दिसले की खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडाही नव्हता. हा माणूस ढोंग करीत होता काय? मुळीच नाही. त्याच्या डोळ्यांनी पाहिले, मेंदूने धोका ओळखला आणि वेदना निर्माण केली. ती त्याला पुरेपूर झाली.

हे कसे घडते, याचा उलगडा करणारा सिद्धान्त रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडला. आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात जिला चेतासंस्था म्हणतात आणि घरीदारी आपण मज्जासंस्था म्हणतो, तिच्यात त्वचेपासून, स्नायूंपासून, आतड्यांपासून निघणारे बारीक तंतू असतात. त्यांपैकी काही धोक्याची वर्दी वेगाने नेतात, सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर. काही तंतू फार मंद असतात, सेकंदाला 2 मीटरहूनही कमी. म्हणूनच ठेच लागली की आधी तीक्ष्ण कळ येते आणि मागाहून ठसठस सुरू होते. परंतु हे तंतू जे नेतात ती वेदना नव्हे, ती केवळ वर्दी. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपाशी ही वर्दी एका दारावर थांबते. ते दार किती उघडावयाचे, हे शेजारच्या तंतूंवर आणि वरून मेंदूकडून येणाऱ्या निरोपावर अवलंबून असते. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, पडलेल्या लेकराचे कोपर आई हाताने कुरवाळते. त्या स्पर्शाची वर्दी त्याच दारावर पोहोचते आणि दार थोडे लोटले जाते. पुढील संशोधनाने या सिद्धान्ताचे काही तपशील बदलले, पण दार आहे आणि मेंदू ते उघडू-मिटू शकतो, ही मूळ गोष्ट टिकली.

मेंदू तरी निर्णय कशावरून घेतो? हाती आलेल्या साऱ्या पुराव्यावरून. जखम हा त्यातील एक पुरावा. पूर्वी असे झाले होते तेव्हा काय घडले, आपण सुरक्षित आहोत की नाही, जवळ कोण आहे, पुढे काय वाढून ठेवले आहे, झोप झाली आहे की नाही, हेही पुरावेच. यात गूढ काही नाही, हे शरीरातच घडते. 1978 साली दाढ काढलेल्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. औषध म्हणून निव्वळ निरुपद्रवी द्रव टोचला, तरी काहींची वेदना उतरते. परंतु मेंदूतील वेदनाशामक रसायनांचा परिणाम रोखणारे द्रव्य दिले की हा आराम ओसरतो, असे त्या प्रयोगात आढळले. म्हणजे नुसता विश्वासही शरीरात रसायन होऊन काम करतो. आणि आम्हांस वाटते, अविश्वासाचेही तसेच असले पाहिजे.

आता उरतो आमच्या कमरेचा प्रश्न. दुखणे फार दिवस राहिले, की मज्जासंस्था त्यात तरबेज होते. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये दाखवून दिले, की सततच्या माऱ्याने मज्जारज्जूतील पेशीच अधिक संवेदनशील होतात. मग हलक्या स्पर्शालाही त्या धोक्याची वर्दी समजतात. चोरी झालेल्या घरातील माणसे मांजराच्या पावलानेही जागी व्हावीत, तसे हे असते. आमच्या चकतीविषयीही एक गोष्ट कळली. 2015 साली तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सारे लोक पाठ न दुखणारे होते. त्यांतील पन्नाशीच्या निम्म्याहून अधिक लोकांत चकती फुगलेली आढळली. केस पांढरे व्हावेत तितकीच ती सामान्य गोष्ट. हे समजले, भीती कमी झाली, आम्ही हळूहळू चालू लागलो. दुखणे एका दिवसात गेले नाही, आजही पूर्ण गेलेले नाही. परंतु ते आता आमचे मालक राहिलेले नाही.

येथवर आलो तेव्हा इतिहासाने आमच्यापुढे आणखी एक पान उघडले, आणि ते अधिक जड होते. दुखणे समोरच्याला दिसत नाही, तो सांगेल तेवढेच कळते. मग कोणाचे सांगणे खरे मानावयाचे, हे कोण ठरविते? अमेरिकेत 1840 च्या दशकात अलाबामा राज्यातील मॅरियन सिम्स या डॉक्टराने गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यांतील अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही तीन नावे आज इतिहासात उरली आहेत. 1851 मध्ये सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टराने कृष्णवर्णीय गुलामांच्या कातडीची संवेदना बधिर असण्याचा एक आजारच कल्पिला. हे जुने झाले म्हणावे, तर 2016 साली व्हर्जिनिया विद्यापीठातील गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या व निवासी डॉक्टरांच्या पाहणीत सुमारे निम्म्यांनी अशी किमान एक तरी खोटी समजूत खरी मानली. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, ही त्यांतलीच एक. लहान मुलांचेही तसेच. नवजात अर्भकांस वेदना फारशी कळत नाही, या समजुतीने अगदी 1980 च्या दशकापर्यंत त्यांच्यावर अपुरी भूल देऊन शस्त्रक्रिया होत. ही समजूत मोडण्यात ऑक्सफर्ड येथे काम करणारे भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत आनंद यांच्या 1987 मधील संशोधनाचा मोठा वाटा आहे.

हे वाचताना आम्हांस आमची आई आठवली. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडावयास जात असे, आम्ही तेव्हा तिच्या पाठीशी बांधलेलो होतो. पुढे जन्मभर तिची पाठ आणि मनगटे दुखत राहिली. दवाखान्यात गेली की तिचे बोलणे पुरे होण्याआधीच गोळ्यांची पुडी हातावर पडे. “तुम्ही कष्टाची माणसं, तुम्हाला काय होतंय?” हे वाक्य आम्ही लहानपणी आमच्या कानांनी ऐकले आहे. बोलणाऱ्याला ती स्तुतीच वाटत असावी. आणि गावातील शेजारीण म्हणे, भोग आहेत बाई, भोगून संपवायचे. एकाने दुखणे नाकारले, दुसरीने ते मागच्या जन्मावर ढकलले. दोहोंचे फळ एकच: दुखणाऱ्याकडे कोणी बघावयाचे कारण उरले नाही. माणसाच्या दुःखाचा हिशेब पूर्वजन्मावर टाकणारी ही शिकवण बाबासाहेबांनी का नाकारली, हे आम्ही वर्गात कितीदा तरी शिकविले होते. आईच्या पाठीशी ते जोडून पाहण्यास मात्र फार उशीर झाला.

आणि इतके सारे ठाऊक असलेला, त्या आईच्या पोटी जन्मलेला हा शिक्षक, अभ्यासिकेच्या दारात उभ्या असलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला काय म्हणाला, ते आपण वर वाचलेच आहे.

तथागतांनी वेदनेविषयी केलेला उपदेश संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराचा. अज्ञानी माणूस त्यावर शोक करतो, घाबरतो, आणि त्यालाच जणू दुसरा बाण लागतो, तो मनाचा. शिकलेला श्रावक एकच बाण सोसतो. पहिला बाण नाहीच, असे तथागत म्हणत नाहीत, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. त्यांची स्वतःची पाठ दुखे. कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात पाठ दुखू लागली, तेव्हा त्यांनी ते उघड सांगितले, पुढील उपदेश आनंदांवर सोपविला आणि ते आडवे झाले. दुखते म्हणण्यात बुद्धालाही कमीपणा वाटला नाही. बाबासाहेबांनीही मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जर्जर झालेल्या देहाने अखेरच्या वर्षांत ग्रंथलेखन केले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात ते काठी हाती घेऊन उभे होते. आपण त्या निर्धाराला वंदन करतो, ते योग्यच आहे. परंतु त्यांना दुखत नव्हते, असे मानणे म्हणजे त्यांचा गौरव नव्हे.

दोन बाणांचा हा दृष्टान्त हल्ली पुष्कळदा चुकीच्या हाताने वापरला जातो. दुखणे तुझ्या मनातले आहे, तूच मन आवर, असा त्याचा अर्थ काढला जातो. मज्जासंस्थेच्या शास्त्राचेही असेच होऊ शकते: वेदना मेंदू निर्माण करतो ना, मग ती खोटी. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. पाहणे मेंदूतच घडते, म्हणून समोरचे झाड खोटे ठरत नाही. आणि दुसरा बाण दर वेळी माणूस स्वतःच मारून घेत नाही. पुष्कळदा तो बाहेरून येतो, हसण्याच्या आणि अविश्वासाच्या रूपाने. त्या मुलाचा पहिला बाण कदाचित आईवडील फडावर गेल्याचा होता. संध्याकाळी घराची आठवण येते, आतड्यांचे तंतू मेंदूशी सतत बोलत असतात, आणि सैरभैर झालेला जीव साधी हालचालही धोका म्हणून ऐकतो. त्याचे पोट खरोखरच दुखत होते. दुसरा बाण आम्ही मारला. धम्म एकट्या माणसासाठी नाही, दोन माणसे एकत्र आली की त्याची गरज उभी राहते, असे बाबासाहेब सांगतात. वेदनेलाही समोर दुसरा माणूस लागतो, ऐकणारा.

आज वसतिगृहात आम्ही एक साधा नेम पाळतो. मूल दुखते म्हणाले, की पहिले वाक्य ठरलेले: “बरं, कुठे दुखतंय, सांग.” ताप, उलटी, पोट ताठ होणे, झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काही असेल, तर रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्यावयाचे. कारण काही निघत नाही ही समजूत आधीच करून घेणे धोक्याचे असते. आणि तपासणीत खरेच काही निघाले नाही, तर “काही नाही” म्हणावयाचे नाही. “आत इजा नाही, ही चांगली बातमी. पण तुझं दुखणं खरं आहे, ते कमी व्हायला थोडे दिवस लागतील” असे सांगावयाचे. मग घरी फोन लावून द्यावयाचा, आणि त्याला अभ्यासिकेतच, पण आपल्या शेजारी बसवावयाचे. पालकांनाही आमची हीच विनंती आहे. असे करण्याने दर वेळी दुखणे थांबते असे नव्हे. पण मूल एकटे पडत नाही. आणि अभ्यास चुकवण्यासाठी एखाद्याने आम्हांस फसविलेच, तर एक संध्याकाळ वाया जाईल. एवढे नुकसान आम्हांस चालेल.

ही स्मरणिका अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी पोहोचणार आहे. त्यांत तो असेल की नाही, हे सांगता येत नाही. असलाच, तर आता त्याची मुले शाळेत जात असतील. त्याला आम्ही येथे, ज्या शाळेत सर्वांदेखत बोललो होतो तिच्याच ग्रंथात, सर्वांदेखत सांगतो: बाळा, तुझे पोट दुखत होते. तू खरे बोलत होतास. चूक आमची होती. आम्हांस क्षमा कर, आणि जमल्यास एकदा शाळेत ये.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.